पाळण्याखालचा धूर

माझ्या आयेला, मंगलचा पायावर माथा.

मी आन् तुजी नात, आमी दोघी बऱ्या हाय. काळजी करू नको.

मिरजेचा दवाखाना जवळ म्हणून बाळंतपण सासरी झालं, ते बरंच. पण ह्या नदीकाठाला डास लय. पोरीच्या गालावर गांधी उठल्या, तवा तुझ्यावाणी तुळशीचा रस लावला. लाली उतरली.

सासूबाई रोज सांजेला दारं लावून पाळण्याखाली कडुलिंबाच्या पाल्याचा धूर करत्यात. डास पळत्यात, खरं हाय. पण पोर खोकती. "आवं, दार तरी उघडा," म्हटलं, तर म्हणाल्या, "माजी चार पोरं ह्याच धुरात वाढली." मायेनं करत्यात, म्हणून भांडताबी येत न्हाई.

करडं जगली का? दादाचा गुडघा कसा हाय?

बारशाला झबली आणू नको, पाळण्याची मच्छरदाणी आण. माहेरचा बाळंतविडा चार बायकांदेखत मांडला की कुणाला परत सारता येत न्हाई.

आन् बारशापतूर थांबू नको. काल धूर विरला तवा पोरीचे ओठ निळे दिसले. आज बाळंतिणीची खोली सोडून तिला घिऊन गोठ्यात बसलीया. सासूबाई हाका मारत्यात. पोर पदराखाली हाय. डास मलाच चावत्यात.

तुजी वाट बघणारी,
मंगल