वाढदिवसाच्या महिन्यातले पाचशे

१४ जून, जेवणाची सुट्टी

ती. आई,

सा. न. लिहिलं, खोडलं आणि पुन्हा लिहिलं. घटस्फोटानंतर सासूला काय लिहायचं असतं हे मला कुणी शिकवलेलं नाही, म्हणून जुनंच चालू ठेवते.

इकडे सगळं ठीक. हॉस्पिटलच्या धुलाईघरात नवं इस्त्रीचं मशीन आलंय. चादरी भराभर निघतात, माझा चेहरा मात्र वाफेने दिवसभर उकडलेल्या बटाट्यासारखा असतो. ठकीचा पुढचा दात पडला. तुम्हाला दाखवायला तिने तो डबीत जपून ठेवलाय.

एक गोष्ट तुमच्या कानावर घालायची आहे. पण तुमच्या कानाचं यंत्र बंद, म्हणून कागदावर घालते. ठकी दर रविवारी फोन करते, तेव्हा ती विचारते एक आणि तुम्ही सांगता भलतंच. परवा तिने विचारलं, "आजी, काय करतेस?" तर तुम्ही म्हणालात, "हो गं, औषध घेतलं." तिला तो खेळच वाटतो. मीही हसायचे. मग हिशेब केला, तर हा खेळ सात महिने चाललाय. यंत्र दुरुस्तीला टाकलंय असं तुम्ही सांगता. मी त्या दुकानात फोन केला. दुकानदार म्हणाला, "बाई दाखवून गेल्या. खर्च कागदावर लिहून दिला, तो वाचला आणि यंत्र परत घेऊन गेल्या."

आता पोटगीचं. कोर्टाचा हुकूम झाल्यावर पहिले पाच महिने तुमच्या चिरंजीवांनी छदामही दिला नाही. (पूर्वी मी 'हे' म्हणायचे. आता काय म्हणावं सुचत नाही, तुमचे चिरंजीव तर ते आहेतच.) मग नोव्हेंबरपासून दर एक तारखेला पैसे जमा व्हायला लागले. मला वाटलं, माणूस सुधारला. ठकी तर शाळाभर सांगत सुटली की माझी फी बाबा भरतो.

मार्चमध्ये पाचशे जास्त आले.

मार्चमध्ये ठकीचा वाढदिवस. आई, ती कितवीत आहे हे ज्यांना सांगता येत नाही, त्यांच्या कुठला वाढदिवस लक्षात राहायला! मी बँकेत जाऊन भरण्याची स्लिप बघितली. नाव त्यांचं होतं आणि अक्षर तुमचं.

म्हणजे मला मार्चमध्येच कळलं होतं, आणि आज जून आहे. हेच लिहायला इतके दिवस लागले. तुम्ही पोटाला चिमटा काढून पोटगी भरताय हे माहीत असूनही एप्रिलचे पैसे मी शाळेत भरले. मला त्याची लाज वाटते. मे आणि जूनच्या पैशांतला एक रुपयाही घरासाठी वापरलेला नाही.

तुमचा रागही आला, तोही लिहून टाकते. त्यांची नोकरी गेलेली नाही. ते गोदामावर मुकादम आहेत, पगार वेळेवर होतो. मी वकीलबाईंकडे गेले की पोटगी परस्पर पगारातूनच कापून घ्या. त्या म्हणाल्या, "अहो, दरमहा पैसे जमा होताहेत. कोर्ट हुकूम काढणार कशाच्या जोरावर? एक तर हप्ता चुकू दे, नाहीतर त्यांच्या आईला साक्षीला आणा." तुम्हाला मुलाविरुद्ध उभं करायला मी नाही म्हटलं. ते माझ्याच्याने होणार नाही.

म्हणून दुसरं मागते. एक जुलैला बँकेत जाऊ नका.

पोलीस त्यांना धरून नेतील अशी तुम्हाला धास्ती असणार. वकीलबाईंना मी तीनदा विचारलं. अर्ज फक्त पगारातून कापण्याचा आहे. दोन-तीन महिने आमची ओढाताण होईल, ती मी शनिवारची जादा पाळी घेऊन निभावेन. पण तुम्ही असंच पाठीशी घालत राहिलात, तर ठकीला बाप आहे हे त्यांना कधी कळायचं? आणि तुमच्यानंतर आम्ही कुणाकडे बघायचं? लिहिलं एकदाचं. रागावू नका.

मे-जूनच्या पैशांतून दुकानदाराकडे दुरुस्तीचे भरलेत, पावती सोबत आहे. उरलेले तुम्ही याल तेव्हा हातात देईन. यंत्र त्याच्याकडे घेऊन जा, दोन दिवसांत दुरुस्त करून देतो म्हणालाय. नको म्हणू नका, पैसे तुमचेच आहेत.

घाई एवढ्यासाठी, की गेले तीन रविवार ठकी तुम्हाला एकच विचारतेय, "आजी, पैसे बाबाच पाठवतो ना?" आणि तुम्ही म्हणता, "हो गं, औषध घेतलं." तुम्हाला खरंच ऐकू येत नाही, की ऐकून न ऐकल्यासारखं करता, मला अजून उमगलेलं नाही. ती मलाही विचारते. मी म्हणते, आजीला विचार.

पुढच्या रविवारी ती पुन्हा विचारेल, आणि या वेळी तुम्हाला ऐकू येईल. काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. तुम्ही जे सांगाल, ते मी खोडणार नाही.

घटस्फोटाच्या कागदावर आम्हा दोघांच्या सह्या आहेत. तुमची कुठेच नाही, मी पुन्हा काढून पाहिलं. तेव्हा,

तुमची सून