खिडकीतल्या पाहुण्यांची हॅट

तीर्थरूप दादा,

धाकटीचा शिरसाष्टांग नमस्कार. (नमस्कारात शिर आधी येतं, आणि या पत्रात पुढेही शिराचाच विषय आहे, तेव्हा सुरुवात बरी झाली.) पत्र अशासाठी, की फोन तू उचलत नाहीस, आणि पत्र मात्र तुझी परवानगी न घेता दाराच्या फटीतून आत येतं. तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? दोन्ही वेळा जेवतोस, की चहात पाव बुडवून त्यालाच जेवण म्हणतोस? तुझ्या खालच्या किराणा दुकानदाराकडून मला सगळं कळतं. तू गॅलरीतून दोरीला टोपली बांधून खाली सोडतोस आणि सामान वर ओढून घेतोस म्हणे. वहिनी जाऊन वर्ष होत आलं, आणि तेव्हापासून तू उंबरठा ओलांडलेला नाहीस. अरे, आयुष्यभर नगरपालिकेच्या नकाशाखात्यात बसून तू अख्ख्या शहराचे रस्ते कागदावर काढलेस, बोळसुद्धा सोडला नाहीस, आणि आता खालच्या दुकानातून पाव आणायला टोपली पाठवतोस! मी रागावलेली नाही. (रागावले आहे, पण ते नंतर.)

तर माझी खुशाली. मला जुन्या पुरुषी फेल्ट हॅट्स जमवायचं वेड लागलंय, हे तुझ्या कानावर आहेच. सगळ्या नातेवाइकांत माझं नाव झालेलं आहे. आपल्या मावशीने "या वयात काहींचं असं होतं" म्हणून निदानही करून टाकलं. आमच्या घरात हॅट घालणारं एकही डोकं नाही, हे लोकांचं म्हणणं खरं आहे. ह्यांचं डोकं लहान (मापाने म्हणते आहे, तरी ह्यांना सांगू नकोस), आणि लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला हेल्मेट घालावं लागतं, हॅट नाही. तरीही मी रोज मोबाइलवर लिलाव बघत बसते. तिथे हातोडा नाही, ओरडणारा माणूस नाही, नुसतं उलटं पळणारं घड्याळ असतं आणि आपल्या छातीत धडधड. "ऑनलाइन लिलावात तुला लोक टोपी घालतात" हा विनोद ह्यांनी पहिल्याच आठवड्यात करून ठेवला आहे, तेव्हा तू तो करायची तसदी घेऊ नकोस.

पहिलीच हॅट बघ. फोटोत काय देखणी होती! राखाडी रंग, काळी फीत, कडेला इवलंसं पीस. मी जीव तोडून बोली लावली, जिंकले, आणि पार्सल आलं ते साबणाच्या वडीएवढं. मला वाटलं, हॅट घडी करून पाठवली असेल. उघडलं तर पूर्ण हॅट, शिवण, अस्तर, पीस, सगळं जागच्या जागी, फक्त मोठ्या लिंबाला बसेल एवढी. जुन्या काळी फिरते विक्रेते नमुना म्हणून असल्या बाहुलीच्या हॅट्स बरोबर न्यायचे, असं विकणाऱ्याने मला मागाहून कळवलं. (फोटोत शेजारी एखादी काडेपेटी ठेवली असती तर त्याचं काय बिघडलं असतं?) ती आता आमच्या मिठाच्या बरणीवर असते. मीठ मागायचं झालं की हे "जरा साहेबांना इकडे पाठव" म्हणतात.

त्यानंतर मी शहाणी झाले आणि एकदम सात हॅट्सचा संच घेतला. फोटोत चामड्याच्या सात गोल पेट्या होत्या, एकीवर एक रचलेल्या. आल्या त्याही सात पेट्या, अगदी फोटोबरहुकूम, आणि सगळ्या रिकाम्या. वर्णन मी पुन्हा वाचलं तर त्यात हॅटचं नाव नव्हतंच, नुसत्या पेट्याच विकायला काढल्या होत्या. मी डोकं धरून बसले आणि ह्यांना मात्र आनंदाचं भरतं आलं. माझी अख्ख्या संसारातली एकमेव शहाणपणाची खरेदी असं त्यांचं मत आहे. सातही पेट्यांत आता नटबोल्ट आकारवार लावलेले आहेत, आणि मला त्यांना हात लावायची बंदी आहे.

सगळ्यात मोठी फजिती दवाखान्यात झाली. तुला माहीतच आहे, आमच्या दातांच्या डॉक्टरीणबाई दाढ काढत असल्या की रोग्याच्या तोंडातली ती पाणी ओढणारी नळी मी धरते. त्या दिवशी एका जाडजूड सुताराची दाढ काढायची होती आणि नेमकी त्याच वेळी एका गडद हिरव्या हॅटची बोली संपत होती. मोबाइल एप्रनच्या खिशात, एक हात नळीवर, एक डोळा खिशावर. मी बोली वाढवली की लगेच कुणीतरी "राखाडी कबूतर" नावाचा प्राणी माझ्या वर जायचा. शेवटी घड्याळ शून्यावर आलं, हॅट कबुतराने नेली, आणि माझ्या तोंडून एवढ्या मोठ्याने "अरे देवा, हातची गेली!" निघालं की सुतार गळ्यातल्या रुमालासकट उठून थेट रस्त्यावर. डॉक्टरीणबाईंनी अजून सुईसुद्धा टोचली नव्हती. त्याला परत आणायला मला दोन चौक पळावं लागलं. तेव्हापासून मोबाइल बाईंच्या खणात असतो, आणि अधूनमधून त्याच मला विचारतात, "काय गं, कबूतर आहे का आज?"

आता एका डोक्याची गोष्ट. हॅट नुसती खुंटीला टांगली की तिचा आकार बिघडतो, तिला खाली डोकं लागतं. दवाखान्यात कवळीसाठी साचे ओतून प्लास्टरवर माझा हात बसलेला आहे, म्हणून मी घरीच एक डोकं ओतलं. कपाळ, कान, मागचा उंचवटा, सगळं उत्तम जमलं. नाक बिघडलं, म्हणून तासून टाकलं. वाळायला म्हणून ते दिवाणखान्याच्या खिडकीत ठेवलं आणि आलेली प्रत्येक हॅट त्याच्यावर चढवून बघायला लागले. समोरच्या इमारतीत एक म्हातारे घड्याळजी राहतात, एकटेच. आयुष्यभर भिंग लावून डोळ्यांचं पार वाटोळं झालेलं. एक दिवस ते खाली रस्त्यात मला भेटले आणि म्हणाले, "तुमच्याकडचे पाहुणे जरा शिष्ट दिसतात. मी रोज सकाळी टोपी उचलतो, पण ते मान हलवतील तर शपथ."

दादा, मी खरं सांगायला हवं होतं. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "शिष्ट नाहीत हो. माझे मोठे भाऊ आहेत. वहिनी गेली, तेव्हापासून ते कुणाशी बोलत नाहीत." दुसऱ्या दिवसापासून घड्याळजी आपली खुर्ची ओढून खिडकीशी आणायला लागले. समोर बसून चहा पितात आणि कप ठेवून आत जातात, रोज. हातवारे नाहीत, हाक नाही. ज्याला बोलायचं नाही त्याच्याजवळ कसं बसावं हे त्यांना येतं, मला येत नाही. मी तुला फोनवर फोन करते आणि उचलला नाहीस की चिडते.

आणि मी घड्याळजींना अगदीच खोटं सांगितलं नव्हतं. कारण ते डोकं तुझंच आहे. तुझ्या मापाचं. हे तुला कधी सांगायचं नाही असं वहिनीला वचन दिलं होतं, पण आता ती रागावायला नाही, आणि असती तरी मी तिची समजूत काढली असती. तुझ्या निवृत्तीच्या आधी तिचा मला फोन आला होता. म्हणाली, "वन्सं, ह्यांचं डोकं अवाढव्य, बाजारात एक हॅट बसत नाही. तुम्ही जुन्या मालात बघा. कचेरी सुटली की हे घरात रुतून बसतील. घरात बसून कुणी हॅट घालत नाही, तेव्हा हॅट असली की आपोआप बाहेर पडतील." तू आरामखुर्चीत पेपर तोंडावर घेऊन घोरत होतास, तेव्हा तिने शिवणाच्या निळ्या दोऱ्याने तुझ्या डोक्याचं माप घेतलं, गाठ मारली आणि दोरा मला पाठवला. तो दोरा तेव्हापासून माझ्याकडे आहे. माझा संग्रह संग्रह म्हणतात ना, तो मुळात संग्रहच नाही. मला एकच हॅट हवी होती, आणि ती मिळेपर्यंत चुकलेल्या हॅट्स घरात साठत गेल्या. वहिनी दर वेळी विचारायची, "मिळाली का हो?" आणि मी म्हणायचे, "मिळेल, घाई काय आहे." मला तिची फार आठवण येते, दादा. तुझ्याएवढी नसेल, पण फार येते.

मागच्या महिन्यात मी एक निळसर हॅट जिंकले. पार्सलमध्ये आली दुसरीच, गडद तपकिरी, रुंद काठाची. मी ती परत पाठवायला पेन शोधत होते (विकणाऱ्यांना खडसावून लिहायची एव्हाना मला सवय झाली आहे), आणि सवयीनेच वहिनीचा दोरा तिच्या आतून फिरवला. गाठ बरोबर दोऱ्याच्या टोकाशी येऊन भिडली. ना सैल, ना घट्ट. मी पुन्हा फिरवून पाहिला, ह्यांना हाक मारून फिरवायला लावला. लिफ्टवाले माप घेतात ते चोख असतं. हे दोरा माझ्या हातात ठेवत म्हणाले, "हिला मिठाच्या बरणीवर ठेवू नकोस." विकणाऱ्याची क्षमापत्रं येत आहेत, चुकीची हॅट गेली म्हणून. मी कळवलं, असू दे.

बाकी सगळं ठीक. ह्यांचा तुला नमस्कार. गुडघ्याला शेक दे, आणि मोठा असूनही लहानांचं कधीतरी ऐकत जा.

तुझी,
धाकटी

ता. क. हॅट मी तुला पाठवली आहे, पण घरपोच नाही. मुद्दामच. ती तुमच्या मोठ्या पोस्टाच्या खिडकीवर तुझ्या नावाने राहील, ज्याचं त्यालाच सही घेऊन देतात. टोपली पाठवून चालणार नाही, मी फोन करून खात्री केली आहे. रस्ता आठवत नसेल तर नकाशा बघ, तूच काढला आहेस. जाताना बोडक्याने जा, येताना हॅट घालून ये. नाही नेलीस तर ती परत माझ्याकडे येईल, आणि आमच्या घरात आता खरोखरच जागा उरलेली नाही.

ता. क. २: आतल्या चामड्याच्या पट्टीत बोट घालून बघ. निळा दोरा तिथेच ठेवला आहे. गाठ सोडू नकोस, ती वहिनीने मारलेली आहे.

ता. क. ३: हॅट पाठवल्यापासून खिडकीतलं डोकं बोडकंच होतं, ते बघवेना म्हणून मी उचलून आत ठेवलं. आज सकाळी घड्याळजी हातात कप घेऊन, धापा टाकत जिना चढून आले. माझ्या खांद्यावरून आत डोकावत म्हणाले, "खिडकीत पाहुणे दिसले नाहीत. बाहेर पडले का?" मी त्यांना "हो" म्हणून बसले आहे रे. त्या भल्या माणसाला इतका आनंद झाला की चहा सांडला. आता मला खोटं पाडू नकोस.