‘समजलं का?’ नंतर व्हिडिओ थांबवू देण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
डिजिटल अध्यापन कक्ष,
शिक्षण विभाग.

विषय: सहावी ‘ब’च्या वर्गात गणिताचा व्हिडिओ मध्येच थांबवण्याची परवानगी मिळण्याबाबत.

संदर्भ: याच विषयावरचे अर्जदाराचे आधीचे अर्ज, व त्या प्रत्येकावर मोबाइलवर आलेले ‘आपले मत आमच्यासाठी मोलाचे आहे’ हे उत्तर.

महोदय,

१. अर्जदार ही गणिताची शिक्षिका असून, आपल्या अ‍ॅपमधून सर्व शाळांना दाखवल्या जाणाऱ्या अपूर्णांकांच्या व्हिडिओत शिकवणारी बाईही अर्जदारच आहे. काही वर्षांपूर्वी आपल्याच कार्यालयाने बोलावून हे चित्रीकरण केले. तेव्हा केस नीट बसवलेले होते, आवाज शाबूत होता आणि उत्साह तर उतू जात होता. हल्ली यापैकी काहीच शिल्लक नसल्याने दोघी एकच आहेत हे मुलांना पटत नाही. मुले व्हिडिओतलीला ‘पडद्यावरच्या बाई’ म्हणतात आणि अर्जदाराला ‘चार्जरच्या बाई’. याबद्दल तक्रार नाही. प्रोजेक्टर लावणे, चार्जर शोधणे, नेट गेले की मोबाइल खिडकीबाहेर धरून उभे राहणे, हीच कामे सध्या अर्जदाराकडे आहेत.

२. चित्रीकरणाच्या वेळी कॅमेरामनने बजावले होते, “बाई, प्रश्न विचारलात की जरा थांबा. मुलं उत्तर देतील. मग शाब्बास म्हणा आणि पुढे चला.” समोर मूल नव्हते, एक रिकामी खुर्ची होती. अर्जदाराने खुर्चीला विचारले, “समजलं का?” जरा थांबली, हसली आणि म्हणाली, “शाब्बास! चला, पुढे जाऊ.” खुर्चीला समजले असावे.

३. वर्गात मात्र शेवटच्या बाकावर शिंप्याची धाकटी मुलगी बसते. अपूर्णांकाने भागताना तो उलटा का करायचा, हे तिला कळत नाही. पडद्यावरून “समजलं का?” आले की ती उभी राहून सांगायची, “नाही, बाई.” पडद्यावरची अर्जदार तोंडभर हसून म्हणायची, “शाब्बास! चला, पुढे जाऊ.” सारा वर्ग खो-खो हसायचा आणि पोरगी मुकाट्याने खाली बसायची. अर्जदार तिथेच चार्जर धरून उभी असे. स्वतःच्याच हसऱ्या तोंडाचा इतका राग येतो, हे तिला पूर्वी माहीत नव्हते.

४. एकदा न राहवून अर्जदाराने व्हिडिओ थांबवला. खडू हातात घेते न घेते तोच अ‍ॅपने ‘अध्यापनात खंड’ अशी नोंद करून अख्ख्या वर्गाची गैरहजेरी लावली व पालकांना संदेश धाडले. मुले बाकांवर बसलेली आणि त्यांचे आईबाप त्यांना शोधत फाटकाशी गोळा झालेले. शिंपी तर गळ्यात टेप तसाच ठेवून धावत आला. मुख्याध्यापकांनी अर्जदाराची यथेच्छ खरडपट्टी काढली. आपल्या मदतकेंद्राला फोन केला असता तेथील गृहस्थ अदबीने म्हणाले, “मॅडम, व्हिडिओ थांबवायचा तर त्यात शिकवणाऱ्या तज्ज्ञांची संमती लागेल.” ती तज्ज्ञ मीच, असे सांगितल्यावर म्हणाले, “मग तज्ज्ञांना स्वतः अर्ज करायला सांगा ना.” तज्ज्ञांनी, म्हणजे अर्जदारानेच, तोही केला. तेव्हा चेहरा व्हिडिओशी जुळत नसल्याचे कारण देऊन तो अ‍ॅपने परत पाठवला. अ‍ॅपचे तरी काय चुकले? आरशालाही हल्ली तसेच वाटते.

५. अर्जदाराने आधी पूर्ण तास मागितला होता, मग दहा मिनिटे. आता फक्त “समजलं का?” नंतर, उत्तर येईपर्यंत थांबू द्यावे, एवढेच मागणे आहे. कारण परवा ती मुलगी सगळ्यांच्या सुरात “हो, बाई” म्हणाली. अर्जदाराला आनंद झाला. तास संपल्यावर तिला जवळ बोलावून एक उदाहरण घातले, तर तिला काहीच येईना. “मग हो का म्हणालीस गं?” असे विचारल्यावर ती म्हणाली, “त्या बाईंना माझं ऐकूच येत नाही. तुम्हाला येतं, पण तुम्ही काही करत नाही.”

६. महोदय, मुलीचे म्हणणे खरे आहे. मागून मागून अर्जदार आता थकली आहे. त्यामुळे परवानगीची वाट न पाहता अर्जदार सोमवारी दुसऱ्या तासाला व्हिडिओ थांबवणार आहे, आणि त्या मुलीला खरोखर समजेपर्यंत पुन्हा सुरू करणार नाही. नियम मोडला जाईल याची पूर्ण जाणीव आहे. त्या तासाची गैरहजेरी अर्जदाराच्या एकटीच्या नावावर लावावी, ही विनंती. मुलांच्या नावावर लावू नये. ती वर्गातच असतील, आणि पुष्कळ दिवसांनी अर्जदारही असेल.

आपली नम्र,
(सही)
गणित शिक्षिका, सहावी ‘ब’

दिनांक: शनिवार, शाळा सुटल्यावर