आधी आपल्या हातावर

आई, तुझ्या डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला काळपट ठिपके असायचे, ते मला हल्ली रोज दिसतात. घोडेगावात एसटी स्टँडमागं आपली ती एकच खोली. पडद्याच्या अलीकडं पार्लर, पलीकडं आपलं स्वयंपाकघर, त्यामुळं भाजीला क्रीमचा वास आणि गिऱ्हाइकाला फोडणीचा ठसका. जुन्नरला एका बाईंच्या घरी तू तीन महिन्यांचा कोर्स केलास. संध्याकाळच्या गाडीनं परत यायचीस, भाकरी टाकायचीस आणि मला म्हणायचीस, "आज फेशियल शिकवलंय, आण तुझं थोबाड इकडं." मी द्यायचो. शाळेत माझं बूड टेकत नव्हतंच, आठवीत ती सुटलीच. दोरा दातात धरून केस कसा ओढायचा ते तूच शिकवलंस, माझ्याच नडगीवर. पोरं पडद्यातनं डोकावून चिडवायची, "काय रं, आमच्या भुवया करतो का?" तू आतनं ओरडायचीस, "या की मुडद्यांनो, दोनाची एक करून देते!"

कोर्सच्या बाईंनी एक गोष्ट बजावून सांगितली होती. केसांना काळा रंग लावायच्या आधी गिऱ्हाइकाच्या कोपरावर थेंबभर लावायचा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं. खाज सुटली, लाल झालं, तर रंग लावायचा नाही. तू ते पाळायला गेलीस, पण आपल्याकडं बाया यायच्या बाजारच्या दिवशी, वरच्या डोंगरातल्या गावांतनं, आणि दुपारची गाडी धरून परत जायच्या. एक मावशी तर अजून डोळ्यांपुढं आहे. खुर्चीत बसलीय, पिशवी मांडीवर घट्ट धरलीय. तू म्हणतेस, "मावशी, आज नुसता ठिपका लावते, उद्या या."

"उद्या? एसटी काय माझ्या सासऱ्याची हाय का? परवा पोरीचं लगीन. इहीण माझ्याहून तरणी दिसती, लोक काय म्हणतील?"

"अवो, पण चावला तर?"

"तुला चावतो का?"

"मला न्हाई चावत."

"मंग मला कशाला चावंल? मी काय येगळ्या मातीची हाय?"

तू हसलीस. मीही हसलो. तू रंग लावलास, त्या मावशीला खरंच काही झालं नाही, आणि तिथनं तुझी रीत पडली. नवीन पाकीट फोडलं की बाजाराच्या आदल्या दिवशी थेंब तुझ्या कोपरावर. तुला चावला नाही की बाजारात येणाऱ्या सगळ्या बायकांना चालणार. देवाला दाखवल्याशिवाय ताट वाढत नाहीत, तसं तू ते मनोभावे करायचीस. गिऱ्हाइकांनाही त्याचा लई भरवसा. एकमेकींना सांगायच्या, "ती बाई आधी आपल्या हातावर घेती."

आधी ठिपके धुऊन जायचे. मग राहायला लागले. मग पीठ मळताना तू हात झटकायला लागलीस. बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या आणि त्यात पीठ बसायचं. मी विचारलं तर म्हणालीस, "सोड्याचं पाणी लागलं." लग्नसराई होती. नवरीचा मेकअप एकदा केला तर महिन्याच्या भुवयांपेक्षा जास्त मिळायचं, आणि आपलं घर त्यावरच चालत होतं. एका सकाळी तुझी एक पापणी सुजली होती. तू आरशात बघितलंस, त्यावर पावडर लावलीस आणि पडदा सरकवला. बाहेर दोघी थांबल्या होत्या.

शेवटचा रंग तू स्वतःच्या केसांना लावलास. "जिचं डोकं पिकलंय, तिच्याकडं कोण डोकं देईल?" म्हणालीस. मी तुला मागचा भाग लावून दिला, तू सांगशील तसा. तासाभरानं कान लाल झाले. मग ओठ. मग तू बोलायला गेलीस आणि आवाजच बारीक झाला. जीप मिळाली, मंचरच्या दवाखान्याच्या रस्त्याला लागलो. तू माझं मनगट धरलं होतंस आणि रस्त्यात कुठंतरी ते सुटलं. लोक म्हणाले, पोटात काहीतरी गेलं. वडील म्हणाले, नजर लागली. मला तेव्हा काहीच कळत नव्हतं.

कळलं ते इथं, आखातात आल्यावर. इथं पुरुषांच्या सलूनमध्ये आहे. गिऱ्हाईक केसांपेक्षा दाढीवर जीव टाकतं, आणि दाढी काळी केली की बक्षिशी केस कापायच्या पैशांपेक्षा मोठी. पहिल्या आठवड्यात शिकवणाऱ्या उस्तादनं सांगितलं, हा रंग पहिल्या वेळी काही करत नाही, दहाव्या वेळीही नाही. अंग नुसतं लक्षात ठेवत जातं. मग एक दिवस सगळं एकदम काढतं. आणि एकाच्या अंगावरनं दुसऱ्याचं कधी कळत नाही. मी तिथंच खाली बसलो. उस्तादला वाटलं, ऊन लागलं.

आणि तरी, आई, शुक्रवारी दुकान भरलेलं असतं. नमाजाला जायची घाई, कोण कोपर देऊन थांबतो? नवा डबा फोडला आणि माझा हात आपोआप माझ्याच कोपराकडं गेला. एकदा नाही, किती वेळा ते मोजलं नाही. आता तिथं एक ठिपका आहे तो जात नाही, आणि उजव्या हाताच्या दोन बोटांना मागच्या बाजूनं चीर आहे. हातमोजे आहेत दुकानात. ते घातले की दाढीचा केस बोटाला लागत नाही, रंग कुठं कमी पडला ते समजत नाही, म्हणून काढून ठेवतो.

इथं दरवर्षी तपासणी होते. डॉक्टर हात बघतो, तो पास करील तर कार्ड, कार्ड असेल तर काम, नाहीतर तिकीट काढून घरी. परत येऊन करू काय? वडिलांच्या दोन वाफ्यांत माझं मन रमत नाही, आणि मला दुसरं काही येत नाही. काल तपासणी होती. रांगेत उभा असताना ठरवलं होतं, आपण होऊन बाही वर करायची, तुझंही सांगायचं. माझा नंबर आला. डॉक्टर फोनवर बोलत होता. त्यानं माझे हात उलटे धरले, तळवे तेवढे बघितले, शिक्का मारला आणि पुढच्याला हाक मारली. बाही खालीच राहिली.

हे पत्र मी कुठं टाकणार? उशीखाली ठेवीन. पण तुला एवढं सांगतो. कार्ड हातात घेऊन जिना उतरताना भीती वाटायला पाहिजे होती. ती वाटली, पण नंतर. आधी मला आनंद झाला, आई.