टोपाचं माप

ता. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझे गुडघे काय म्हणतात? दिवसभर खुर्चीत बसून राहा असं डॉक्टरांनी सांगितल्यावर तू मनातून किती खूश झाली असशील, ते मला ठाऊक आहे. दुकानाची काळजी करू नकोस. तू सोडून गेल्यापासून जुन्या वस्तू पारखताना मी अजून तरी मोठा फसलेलो नाही.

काल मात्र डोकं चक्रावलं. एक धिप्पाड गृहस्थ जुना जर्मन शिपायाचा टोप घेऊन आला. तोच गं, वर पितळी अणी आणि कपाळावर पंख पसरलेला गरुड. घेऊन आला म्हणजे चक्क डोक्यावर घालून आला. पैसे नकोत म्हणाला, फक्त माझ्यासमोर कुणीतरी हा घाला. पारखायला आलेला टोप आम्ही डोक्याला लावत नाही, हा बाबांचा नियम मी त्याला सांगत होतो, तेवढ्यात भिंगरीने तो त्याच्या हातून ओढून घातलासुद्धा. तुझी भाचीच ती. आणि तो दांडगा माणूस मटकन खाली बसला, फरशीवर हात फिरवत हमसून हमसून रडला, आणि टोप ठेवून निघून गेला.

मला कोडं वेगळंच पडलंय. जो टोप त्या भोपळ्याएवढ्या डोक्यावर बसला, तो भिंगरीलाही जराही न हलता बसला. तूच सांग, खरा की नकली?

सर्वांचा नमस्कार. पत्राला उशीर लावलास तर रुसेन.

तुझा,
धाकटा

ता. १० फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

मी खूश नाही, कंटाळलेय. इथे खिडकीतून रिकामा रस्ता दिसतो, बाकी काही नाही.

शंभर वर्षांचं कातडं आटतं. म्हणून खरे टोप मोठ्या माणसाला बसतच नाहीत. दोन्ही डोक्यांना बसणारा टोप म्हणजे कालपरवा शिवलेला माल. तरी गरुड काढून बघ. त्याच्या मागच्या कड्या कातड्याच्या भोकांत नेमक्या बसतात का? गरुडाखालचं कातडं बाकीच्यापेक्षा काळंभोर राहिलंय का? आतल्या पट्ट्यांना घामाचा वास येतो की बूटपॉलिशचा? नकली निघाला तर नाटकवाल्यांना देऊन टाक.

आणि पोरीला घालू दिलास, याबद्दल तुझा कान पिळायला हवा. तिचं गिरक्या घेणं चालू आहे ना? घरात तिच्यामुळे एक भांडं जागेवर राहत नाही, असं मागे लिहिलं होतंस.

तुम्हा तिघांना माझी माया. असंच लिहीत जा.

तुझी,
ताई

ता. १५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भोकं नेमकी आहेत. गरुडाखाली गरुडाचीच काळी सावली आहे. पट्ट्यांना घामाचा वास येतो, पण ताई, तो ताजा आहे.

ते जाऊ दे. भिंगरी बसत नाही. टोप घातल्यापासून ती दुकानाच्या दारात टाचा जोडून उभी आहे; आधी मला तो खेळच वाटला. आत उचलून आणली की परत जाते. उभ्यानेच जेवते, डोळेही उभ्यानेच मिटते. पाय सुजून टम्म झालेत. डॉक्टर म्हणतात पायांत दोष नाही. विचारलं तर एवढंच सांगते, की माझ्या जागी कुणी आल्याशिवाय मला हलता येत नाही.

मी त्या माणसाचं घर शोधलं. त्याने दार उघडलं नाही, आतूनच बोलला. म्हणाला, बायको गेली तेव्हाही तो उंबऱ्यावरच उभा होता, तिच्यापाशी बसताही आलं नाही. टोप कुणी मोठा माणूस घालेल असं त्याला वाटलं होतं. टोप दुसऱ्याला द्यायला निघालं, तरच पाय उचलतात, असंही म्हणाला.

आमच्या हिने रडून रडून डोळे सुजवून घेतलेत. मी ठरवलंय, तुझं उत्तर आलं की टोप मीच घालतो. मला फार भीती वाटतेय ताई.

आशीर्वाद दे.

तुझा,
धाकटा

ता. १७ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

हे पत्र माणसाच्या हाती पाठवतेय. त्याच्याचबरोबर टोप इकडे दे.

उगीच शहाणपणा करू नकोस. आपल्या दुकानात दोघांनी हाताळल्याशिवाय वस्तूवर निर्णय दिला जात नाही, हे विसरलास का? मी बघितल्याशिवाय तो खरा की खोटा हे ठरत नाही, आणि ठरेपर्यंत तू तो घालायचा नाहीस. पोरं काहीबाही मनात घेतात, सुटेल. तिचे पाय कोमट पाण्याने शेकत राहा.

भिंगरीच्या गालाचा पापा घे.

तुझी,
ताई

ता. २० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भिंगरी बसली! काल दुपारी दारातच एकदम खाली बसली, आडवी झाली आणि घोरायला लागली. उठली ती खायला मागतच. आज तिने दोन बरण्या फोडल्या आणि आमची ही एका डोळ्याने हसतेय, एका डोळ्याने रडतेय. मी बरण्यांचे तुकडे गोळा करताना देवाचे आभार मानले.

तुझंच खरं, पोरीने मनात घेतलं होतं. उगीच तुला घोर लावला. टोप कालच पोचला असेल ना? मग काय निघाला? नकलीच असणार. सुट्टीत आम्ही येतोय. आत्याच्या मांडीवर बसायचंय म्हणून भिंगरीने आतापासून धोशा लावलाय.

तिचा लाडाचा मुका सोबत.

तुझा,
धाकटा

ता. २३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

टोप अस्सल आहे. माझ्या डोक्याला जराही न हलता बसला.

अक्षर वाकडं आलंय, कारण खिडकीच्या कठड्यावर उभ्याने लिहितेय. रडू नकोस. मीही रडले, पण ते गुडघ्यांपायी, तुमच्यापायी नाही. मला ना मूल ना बाळ, हे मी आयुष्यभर मनाला लावून घेतलं. टोप घालताना पहिल्यांदाच त्याचं बरं वाटलं, माझ्यावाचून घरात कुणाचं अडत नाही. रस्ता रिकामा आहे, तरी त्यावरची नजर काढवत नाही. कुणाची वाट बघायची ते मात्र कळत नाही.

तू हे वाचशील आणि धावत सुटशील, माझ्या जागी उभा राहायला. म्हणून शेजारणीकडून खिडकीपाशीच शेगडी आणवली आणि टोप तिच्यात घातला. कातडं फार वेळ जळत होतं. अणी आणि गरुड शेजारणीने विहिरीत टाकले. आता तो कुणाच्याच मापाचा नाही.

भेटायला मात्र जरूर या. भिंगरीला सांग, आत्या उभ्यानेच कडेवर घेईल.

तुझी,
ताई