पावणेतेरा इंच

२० जुलै २०२५, रविवार
माझ्या हातांनी केलेलं — देव्हारा, दोन दारं, विमलाचं भांड्यांचं कपाट, गणपतीवर रानफळं टांगायच्या माटोळीची चौकट, आणि माळ्यावर जायचं भोक. वीस इंच बाय बारा, फणसाची कड, एकही खिळा नाही. सुतारकाम कुणाकडे शिकलो नाही.
आज त्याच भोकात अडकलो! पाय शिडीवर, डोकं माळ्यावर, पोट मध्ये. वीस मिनिटं.
खालून विमला — "हलू नका हां! खोबरेल आणतंय!" आणि हसणं. शेजारचा सगुणही धावला. "भोक तुझं, पोटही तुझं. चूक कोणाची ती ठरव बाबा!"
माटोळी माळ्यावर. गणपतीची चवथ २७ ऑगस्टला.

२१ जुलै
विमला म्हणते, भोक मोठं करा. भोक बरोबर आहे.

२५ जुलै, शुक्रवार
म्हापशाच्या बाजारातून येताना पाटी दिसली — लायपोसक्शन. शिरलो. काउंटरवरची मुलगी — "एक लाख चाळीस हजार काका, लगेच घरी!" माप न घेता किंमत? "ते डॉक्टर बघतील." मंगळवारी बोलावलंय.
विमलाला सांगितलं. हसायची थांबली. "झोपवून नळी घालणार? त्या भोकासाठी?"
फक्त भोकासाठी नाही. पंचायतीत कामावर खुर्चीतून उठताना टेबल धरतो, ते तिला माहीत नाही.

२७ जुलै
तोंडी सांगून डॉक्टरांना काय कळणार? भिंतीला पाठ लावून उभा राहिलो, विमलानं पोटापुढे काटकोनाचा गुण्या धरून भिंतीपासूनच्या अंतराची खूण केली. पावणेतेरा. तीनदा मोजलं. मग प्लायवूडवर बाजूनं दिसतं तसं पोट कापलं — हुबेहूब! बाहेरचे चार इंच पिवळे रंगवले. चरबी. लाकडाला साल असते तशी. साल काढली की झालं!

२९ जुलै
डॉक्टर हर्षा. वयानं लहान, पण बाई पक्की. प्लायवूड बघून हसल्या नाहीत, उजेडात धरलं. "आकार एकदम बरोबर. रंग चुकला."
पोटाची चिमूट घेतली — जेमतेम एक इंच. "माझ्या नळीत येते ती एवढीच. बाकीची स्नायूंच्या आत, आतड्यांभोवती. तिथं नळी घालत नाहीत."
"मग ती कोण काढणार?"
"तुम्ही. चालून, भात कमी करून. आणि हे वजन उतरवायचं ऑपरेशन नव्हे. बाकी अंग आटोपशीर, एके ठिकाणीच चरबी अडून बसलेली, त्याच्यासाठी असतं."
रक्तदाब १४८/९४. त्याचं औषध आधी, म्हणाल्या.

३० जुलै
ठरलं. ऑपरेशन नाही. आणि खूश आहे! कारण लिहून ठेवतो — नाही म्हणाल्या, पण मोजून म्हणाल्या.
प्लायवूड दुरुस्त केलं. बाहेर पिवळा एक इंच, मग स्नायूंची लाल रेघ, आत पिवळा.

१२ ऑगस्ट
रोज चार किलोमीटर. सगुण बरोबर येतो, दर पुलावर बसतो. सकाळी पावाच्या दोन पोयांची एक केली. दुसऱ्या पोयीकडे बघत नाही.

२५ ऑगस्ट
माटोळी काढायला विमला माळ्यावर चढली! बावीस वर्षांत पहिल्यांदा. खारीसारखी सुळकन आत. वरून ओरडली — "अहो, वर एवढी जागा! आणि मला सांगता, माझी ट्रंक मावायची नाही!"
खालून हात लावला. ट्रंक वर गेली.

२७ ऑगस्ट
चवथ. माटोळी झकास. गोड नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तीन खाल्ल्या. खोटं लिहीत नाही — पाच.

१६ सप्टेंबर
रक्तदाब १३२/८४! दुरुस्त केलेलं पोट डॉक्टर हर्षांना दाखवलं. बाहेर बसलेल्या दोघांना आत बोलावून त्यावर बोट ठेवून समजावलं त्यांनी. मी कोपऱ्यात ताठ उभा.

६ ऑक्टोबर
डॉक्टरांचा फोन. लाकडी पोट क्लिनिकसाठी विकत हवंय. नाही म्हटलं. आज सकाळी मोजलं — सव्वाबारा. अर्धा इंच चुकीचा माल माझ्या हातचा म्हणून कसा देऊ? "मग नवं करा!" थांबा म्हटलं, अजून उतरतंय.
पंधरा हजार देत होत्या.