बांधावरची बाई

कुंभार पिंपळगाव,
माघ, सन १३५१ फसली

प्रिय उषा,

तू विचारलं होतंस, अक्काला माळवं जमलं का? जमलं गं. माहेरी मंठ्याला आपल्याला ज्वारीपलीकडे काही ठाऊक नव्हतं, आणि इथे सासूबाईंनी आल्या आल्या विहिरीजवळचे वाफे माझ्या हवाली केले. वांग्याची रोपं मी भर उन्हात लावली, सगळ्यांनी माना टाकल्या. धणे अख्खेच पेरले, ते काही उगवले नाहीत.

रडत बसले होते, तर बांधावरून एक बाई म्हणाली, “धने रगडून पेरावं बाई. रोपं दिस कलल्यावर लावावं.” हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, डाव्या हाताला करंगळी नाही. शेजारच्या मळ्यातली असेल असं वाटलं. मग ती रोज दुपारी येऊ लागली. मावा पडला तर राख उधळायची, वांग्याला फार पाणी पाजायचं नाही, सगळं तिनंच शिकवलं. बांध उतरून मात्र कधी आली नाही. मेथी अशी माजली की बाजारात बायका आमच्याच जुड्या मागतात.

संक्रांतीच्या सुमारास सासूबाईंना सहज म्हटलं, ती करंगळी नसलेली बाई फार गुणाची आहे. त्यांच्या हातातली भाकरी परातीत पडली. “विळ्यानं तुटल्ती तिची,” म्हणाल्या. “आपल्या द्वारकाची.” द्वारका म्हणजे ह्यांची पहिली बायको. मळा तिचाच. तापात गेली, तेव्हा हिरवं लुगडं नेसवून नेली होती.

तेव्हापासून सासूबाई माझ्याकडे आजाऱ्याकडे बघावं तशा बघतात. आणि खरंच, अंगात बारीक ताप असतो. मळा हिरवागार होतोय आणि माझ्या बांगड्या कोपरापर्यंत चढतात.

परवा ती पहिल्यांदाच बांध उतरली, माझ्याजवळ येऊन बसली. “तुझ्या पाठची बहीण हाय का गं? तिला बी शिकवावं लागंल.” मी खोटंच ‘नाही’ म्हणाले. ती नुसती हसली. घरी आले, तर सासूबाई ह्यांना सांगत होत्या, “मंठ्याची धाकटी बराबर हाय. आत्ताच बोलून ठेवावं.”

म्हणून लिहिते आहे, उषे. इथून कुणी तुला मागणी घालायला आलं, तर दादांना सांगून दारातूनच परत पाठव. मला भेटायलासुद्धा येऊ नकोस. आणि मला न्यायला कुणाला धाडू नका. वांगी आत्ता कुठे धरली आहेत.

तुझीच,
अक्का